लोखंडाची पाठवणी

प्लंबरनं शेवटची चावी बसवली, तीनदा उघडून-मिटून दाखवली, हात पँटला पुसले आणि अंगणाकडे मान वळवून म्हणाला, "काका, ते जुनं तेवढं तुमचं तुम्ही बघा."

'ते जुनं' म्हणजे जांभळीखाली आडवंतिडवं पडलेलं, तांबूस, मातीनं माखलेलं लोखंड. तीन दिवसांपूर्वीपर्यंत ते भिंतीत होतं, जमिनीत होतं, कुणाच्या अध्यातमध्यात नव्हतं. बाहेर काढल्याबरोबर चौपट झालं. अर्ध्या इंचाचे तुकडे, एक इंचाचे लांबलचक दांडे, त्यांना चिकटलेले एल्बो, टी, सॉकेट, आणि त्या सगळ्याला वेढून चाळीस वर्षं कुजलेली सफेदा लावलेली सुतळी. एवढं सगळं आपल्या घराच्या पोटात होतं, हे बघून मला थोडं ओशाळल्यासारखंच झालं.

"तू नाही का नेणार?" मी विचारलं.

"नवीन टाकायचे पैसे घेतलेत मी. जुना न्यायचे नाय."

हिशेब चोख होता. तो गेला आणि मी, माझी बायको आणि ते लोखंड, असे तिघं अंगणात उरलो.

हे पाइप माझ्या वडिलांनी 1979 साली मुंबईहून आणले. तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा होता. रायगड हे नाव 1981 मध्ये आलं, म्हणजे आमचे पाइप जिल्ह्याच्या नावाहून वडील. नागदेवी स्ट्रीटवर अर्धा दिवस घासाघीस, मग हातगाडीवरून भाऊचा धक्का, तिथून लाँचनं रेवस आणि रेवसहून एका ओळखीच्या ट्रकच्या टपावरून चौल. वाटेत वडील उलट्या तोंडानं बसून पाइपांवर नजर ठेवून होते, असं आई सांगायची. वडील शाळामास्तर. त्यांचा एका गोष्टीवर फार जीव जडला होता. जीआय पाइपांत तीन वर्ग असतात: ए हलका, बी मध्यम, सी जड. ओळखायला पट्टे, ए-ला पिवळा, बी-ला निळा, सी-ला तांबडा. जन्मभर 'अ' तुकडीतल्या मुलांना डोक्यावर घेतलेल्या माणसाला ही उलटी गुणवत्ता यादी पचायला जड गेली. ए-वाला सगळ्यांत पोकळ आणि सी-वाला सगळ्यांत दणकट! शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. नंतर पुष्कळ वर्षं घरी आलेल्या पाहुण्याला पाण्याचा तांब्या देताना ते सांगायचे, "बी क्लास आहे हो." पाहुण्याला वाटायचं, पाण्याबद्दलच बोलताहेत.

त्याआधी आमच्या वाडीत रहाट होता. मला तो आठवतो तो आवाजासकट. बैल फिरे, लोटे वर येत, पाणी डोणीत पडे आणि तिथून पोफळीच्या पन्हळीनं आगरात जाई. पोफळ मधून चिरायची, आतला गाभा काढायचा, झाला पाइप. चार पावसाळे काढले की पन्हळ कुजायची, मग ती उचलून नारळाच्या अळ्यात टाकायची. तिथं तिची माती व्हायची आणि ती माती खाऊन नारळ वाढायचा. आजोबांना जुन्या पन्हळीचं काय करायचं हा प्रश्न आयुष्यात कधी पडला नसणार. तो वडिलांनी नागदेवीहून विकत आणला आणि मला वारसाहक्कानं मिळाला.

पाइप बदलायची वेळ का आली, तर पाणी येईना. विहिरीत पाणी, टाकीत पाणी, पण नळाला धार म्हणजे पोफळीच्या पानावरून दव ठिबकावं तशी. सकाळचं पहिलं पाणी चहासारखं तांबूस. आई होती तोवर म्हणायची, "लोह असतं त्यात, चांगलं असतं." आम्ही ते पाणी जास्वंदीला घालत होतो आणि जास्वंद खरोखरच माजली होती. प्लंबरनं न्हाणीतला एक तुकडा कापला आणि माझ्यापुढे धरला. नावाला अर्धा इंच. आत मात्र गंजाचे आणि क्षाराचे थर, एकावर एक, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. बाहेरचा काळपट, त्याच्या आत विटकरी, त्याच्या आत हळदीच्या रंगाचा भुसभुशीत, आणि अगदी मधोमध एक भोक, ज्यातून माझी पेन्सिल गेली नाही. उदबत्तीची काडी गेली. एवढ्याशा भोकातून आमचं घर इतकी वर्षं आंघोळी करत होतं.

त्या पाइपाची बाजू घ्यायची तर त्यानं शर्थ केली होती. लोखंडाला जस्ताचा मुलामा देतात तो नुसता शोभेसाठी नव्हे. हवा-पाणी अंगावर आलं की आधी जस्त झिजतं, लोखंडाला झिजू देत नाही. जस्त संपलं की मग लोखंडाची पाळी. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या भावासारखं आहे हे. तो आहे तोवर धाकट्यांना काही कळत नाही. आमच्याकडे खारा वारा बारा महिने, विहिरीचं पाणी वैशाखात मचूळ. तशात हा थोरला भाऊ कधी संपला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता पाठवणीची गोष्ट.

पहिला प्रयत्न कचऱ्याच्या गाडीचा. गाडी वाजत-गाजत आली. पोऱ्यानं ढिगाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ह्यो ओला का सुका?" त्यानं विचारलं. एक दांडा उचलून तिरपा केला, तर आतून पचकन लाल पाणी त्याच्या पायावर पडलं. "ओला," तो म्हणाला, आणि गाडी पुढे गेली.

दुसरा प्रयत्न दानधर्माचा. कोकणात लोखंडाच्या दांड्याला कामं काय कमी! शेजारच्या काकूंना तोंडलीच्या मांडवाला चार पाइप हवे होते, त्या नातवाकरवी घेऊन गेल्या. समोरच्यांना कपडे वाळत घालायला एक. पलीकडच्या आळीतल्या पोरांनी व्हॉलीबॉलच्या जाळीला दोन नेले. एकानं आकाशकंदिलाची काठी म्हणून नेला, आणि तेव्हा तर वैशाख चालू होता! मी खूश. बायको म्हणाली, "बघा हं." तिच्या 'बघा हं'मध्ये नेहमी भविष्य असतं. महिन्याभरात पाइप परत यायला लागले. काकूंच्या मांडवाला वजन सोसेना, त्यांनी बांबू घातले. समोरच्यांच्या पांढऱ्या धोतरावर गंजाचे पट्टे उठले. पोरांनी जाळीसाठी नवीन खांब वर्गणी काढून आणले. प्रत्येकानं परत देताना तोंड भरून आभार मानले आणि पाइप बरोबर जांभळीखाली आणून ठेवला. वर काकूंनी त्यांच्या घरचा एक जुना फुटका नळही त्यात टाकला. "तुमच्याकडे आहेच, त्यात जाऊन जाईल," म्हणाल्या.

अशा वेळी मला अफनासी निकितिनची आठवण झाली. आमच्या भागात त्याचं नाव शाळेच्या पोरांनाही माहीत असतं, रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. पंधराव्या शतकात हा रशियन व्यापारी समुद्र ओलांडून चौलच्या बंदरात उतरला. वास्को द गामाच्याही आधी. बरोबर काय आणलं, तर विकायला एक घोडा. एकच. हिंदुस्थानात घोड्याला सोन्याचा भाव आहे असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. चौलला उतरून हा घाट चढून जुन्नरला गेला, आणि तिथवर घोडा नेईपर्यंत शंभर रूबल खर्च झाले असं त्यानं आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय. जुन्नरच्या खानानं घोडा काढून घेतला आणि म्हणाला, आमचा धर्म घे, तर घोडाही देतो आणि वर मोहराही देतो. निकितिन हवालदिल. मग कुणा भल्या माणसानं रदबदली केली आणि घोडा परत मिळाला. परत! इतिहासकार या प्रसंगात धर्म बघतात, राजकारण बघतात. माझ्या डोळ्यांसमोर फक्त तो परत आलेला घोडा उभा राहतो. निकितिनला आनंद झाला असणार हे खरं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पुन्हा चारा घालताना काय वाटलं असेल? पुढे बिदरला जाऊन एकदाचा तो विकला गेला. चौलला आलेला माल सहजासहजी हलत नाही, ही रीत जुनीच आहे.

पावसाळा लागला. आमचा ढीग भिजला, त्यावर शेवाळ आलं, एका टीमधून आघाड्याचं रोप डोकावलं. आषाढातल्या एका रात्री ढिगातून कुणीतरी खर्जात बोलायला लागलं. एवढा मोठा आवाज की बायको उठून बसली. "अहो, कोण आहे बाहेर?" मी छत्री आणि बॅटरी घेऊन गेलो. जवळ गेलो की आवाज बंद, मागे आलो की सुरू. शेवटी एक इंची पाइपाच्या तोंडात उजेड टाकला, तर आत अंगठ्याएवढा बेडूक. पाइपाचा कर्णा करून त्यानं साऱ्या आळीला हाक दिली होती.

गंमत अशी की त्या पाइपावर बेडकाचा हक्कच आहे. अठराव्या शतकात इटलीतल्या बोलोन्याला लुइजी गॅल्व्हानी नावाच्या वैद्यकाच्या प्राध्यापकानं मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन वेगळे धातू लावले आणि पाय उडाला. त्यावरून विजेबद्दल मोठा वाद झाला आणि गॅल्व्हानीचं नाव शब्दकोशात गेलं. पुढे 1837 मध्ये सोरेल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं लोखंडाला जस्ताच्या रसात बुडवण्याचं पेटंट घेतलं, आणि त्या क्रियेलाही तेच नाव चिकटलं. आपण ज्याला जीआय म्हणतो त्यातला 'जी' तो हा. बेडकाच्या पायापासून निघालेली गोष्ट दोनशे वर्षांनी आमच्या अंगणात बेडकापाशीच येऊन थांबली. मी त्याला उठवलं नाही.

श्रावणात मी कंबर कसली आणि अलिबागला भंगाराच्या दुकानात भाव विचारायला गेलो. दुकानदारानं डोकं वर न करता सांगितलं, "आणून टाका, बघू." वीस फुटी पाइप पंधरा किलोमीटर आणायचा कशात, हे त्याच्या विचाराच्या कक्षेत नव्हतं. रिकाम्या हातानं परतण्याऐवजी मी समुद्राकडे निघालो, आणि वाटेत त्या शांत, झाडीतल्या आवारापाशी थबकलो. अलिबागची चुंबकीय वेधशाळा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नाजूक सुया त्या विजेनं भरकटणार हे उघड होतं. म्हणून 1904 मध्ये पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी इकडे हलवली, नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली. इमारत बांधताना चुंबकाला ओढेल असं काही वापरायचं नाही हा दंडक. पोरबंदरचा निवडून आणलेला दगड, सागवान, पितळ, तांबं. लोखंडाला मज्जाव. मी कुंपणाबाहेर उभा राहून हात जोडायचे बाकी ठेवले. लोखंड घरात न घेण्याची अक्कल असलेले लोक आमच्या तालुक्यात सव्वाशे वर्षांपूर्वी होते!

ओहोटी होती, म्हणून तसाच कुलाबा किल्ल्यात गेलो. किल्ल्यात चाकांच्या गाड्यांवर चढवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यांवर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव आहे. पोरं त्यांवर बसून फोटो काढतात. मी तोफेच्या तोंडात हात घालून बघितला आणि जाणवलं, हा तर एका बाजूनं बंद केलेला पाइप. सी क्लास. इंग्रज सगळं आवरून गेले, मेज-खुर्च्या नेल्या, तसबिरी नेल्या, आणि हे जड सामान इथंच टाकून गेले. जंजिऱ्याच्या सिद्दींचीही तीच कथा. त्यांची कलालबांगडी अजून बुरुजावरच आहे. तोफ टाकून जाणाऱ्याला कुणी विचारत नाही, उलट पुढे लोक तिकीट काढून बघायला येतात. माझ्या ढिगाला तेवढा दम नव्हता. पण तीनेकशे वर्षं वाट बघायची तयारी असती तर, कुणी सांगावं!

तसा तीस फूट पाइप मी खरोखर इतिहासाच्या हवाली केलाय. विहिरीपासूनची लाइन उकरताना मधल्या टप्प्यात पोफळींच्या मुळ्यांनी ती अशी धरून ठेवली होती, की प्लंबर म्हणाला, "ऱ्हाऊ दे जमिनीतच." राहू दिली. आमच्या चौलात डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी उत्खनन केलंय. सातवाहनांच्या काळची नाणी सापडली, परदेशातून आलेल्या मद्यकुंभांची खापरं सापडली. ग्रीक दर्यावर्द्यांच्या लेखी हेच सिमुल्ला बंदर. उद्या दोन हजार वर्षांनी कुणी आमची वाडी उकरली तर त्याला मद्यकुंभांच्या वरच्या थरात तीस फुटांचा एक सरळ तांबडा डाग मिळेल. त्यावर तो काय प्रबंध लिहील तो लिहो.

भंगारवाला अखेर आला तो मार्गशीर्षात. आधी त्याचा भोंगा आला, "लोखंड, पत्रा, प्लास्टिक, जुनी बॅटरी, पंखाऽऽ", मग तीनचाकी टेंपो, मग तो. लहानपणी हेच लोक पाटी घेऊन यायचे आणि लोखंडाच्या बदल्यात कांदे-लसूण द्यायचे. आम्ही पोरं बिजागरी चोरून त्याचे चणे खायचो. हा मात्र इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आला होता. त्यानं ढिगाकडे ओझरतं बघितलं आणि त्याची नजर ओट्यावर गेली. ओट्यावर बायकोनं जुन्या पितळी चाव्या आमसुलानं घासून ऊन द्यायला ठेवल्या होत्या.

"काकी, त्या द्या, मग हा पाइप नेतो."

पितळेचा भाव लोखंडाच्या दहापटीहून जास्त असतो, हे त्याला ठाऊक होतं आणि काकीलाही.

"त्या नाही द्यायच्या," काकी म्हणाली. विषय संपला.

मग तो लोखंडाकडे वळला. मी तयारीनिशी बसलो होतो. अर्ध्या इंची बी क्लास पाइप मीटरला साधारण 1.2 किलो, एक इंची 2.4. वहीत गुणाकार मांडला होता, साठ किलो. वर माझा असाही युक्तिवाद होता, की गंज म्हणजे लोखंडाला चिकटलेला प्राणवायू, तेव्हा वजन वाढलेलंच असणार. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग एक पाइप उचलून पाथरीवर दाणकन आपटला. आतून कांद्याचे सगळे पापुद्रे भसाभस बाहेर आले. "गंजाचे पैसे कोन देतो काका?" तो म्हणाला. "तुमचा काढायचा टायम चुकला. निसर्ग वादळानंतर काढायला हवा होता, तवा आमी दारोदार फिरत होतो." खरं होतं. 2020 च्या 3 जूनला ते वादळ आलं, तेव्हा कुणाचे पत्रे कुणाच्या वाडीत सापडले याचा पत्ता नव्हता, पोफळी काड्यांसारख्या मोडल्या होत्या. नंतर महिनाभर भंगाराच्या गाड्या सुगीला निघाल्यासारख्या फिरत होत्या. आमच्या घरावर अँटेनाचा म्हणून उभा केलेला बी क्लास पाइप मात्र वादळातही हलला नव्हता. त्याच्यावर अँटेना नव्हती, गेली वीस वर्षं नव्हतीच.

"आणि एवढा लांब टेंपोत मावनार नाय. कापून द्या."

करवतीची तीन पाती मी आधीच मोडली होती. पाण्याच्या दाबाला दाद न देणारं ते लोखंड कापतानाही बी क्लासच होतं. शेवटी ग्राइंडरवाला बोलावला. दुपारभर ठिणग्या उडाल्या, जांभळीवरचे कावळे दोन दिवस फिरकले नाहीत. ग्राइंडरवाल्यानं बाराशे घेतले. भंगारवाल्याच्या काट्यावर 46 किलो भरले, 26 रुपयांनी 1,196. चार रुपये पदरचे. निकितिनच्या मानानं मी फार स्वस्तात सुटलो.

"जाणार कुठं हे?" मी विचारलं. धरमतरच्या खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी बार्ज भरभरून खनिज जाताना मी अनेकदा बघितलंय. इतक्या लांबून माती आणून लोखंड करायचं आणि आमचं तयार लोखंड अंगणात सडायचं, हे मला कधी झेपलं नव्हतं.

"तळोज्याला. नायतर जालन्याला. वितळवून सळ्या करतात." मग टेंपोला लाथ मारून त्यानं समोरच्या माळाकडे हात केला, तिथं मुंबईच्या कुणाचा तरी बंगला चढत होता. "येईल परत इकडंच, त्याच्या स्लॅबमधी."

टेंपो गेला. जांभळीखाली तांबड्या मातीचा लांबट चौकोन राहिला, त्यात अजूनही हिरवळ धरत नाही. एक सहा फुटी तुकडा मात्र मागच्या पडवीत राहून गेला होता. नजरचुकीनं, असं मी बायकोला सांगितलं. राखेनं घासला तेव्हा एका टोकाला निळ्या पट्ट्याचा पुसट अंश दिसला, नखाएवढा. तो तुकडा मी वाशाला दोन तारांनी आडवा टांगला.

फाल्गुनात कार्ल्याहून पांढऱ्या कांद्याच्या पाच वेण्या आल्या. आमच्या अलिबागच्या या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तो 'जीआय कांदा' म्हणून मिरवतो आणि हायवेला कुठलाही पांढरा कांदा त्याच्या नावावर खपतो. बायकोनं वेण्या त्या पाइपावर ओळीनं अडकवल्या. पाइप वाकला नाही. होळीला मुंबईहून भाचा आला. तो हल्ली पाकिटावरचं सगळं वाचल्याशिवाय काही खात नाही. पडवीत उभा राहून त्यानं एक वेणी हातात तोलली, पात हुंगली.

"मामा, ओरिजिनल जीआय आहे ना?"

"हो तर," मी म्हटलं. "बी क्लास."